आठ वह्या, एक गळा

टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात ७ ऑक्टोबर १९५५ च्या रात्री म्युझिक हॉलमध्ये जाझचे लागोपाठ दोन खेळ होते. पहिला खेळ चालू असताना आतल्या खोलीत एला फिट्झजेराल्ड कॉफीबरोबर गोडाचं काहीतरी खात बसली होती. त्याच खोलीत ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी आणि सॅक्सोफोनवादक इलिनॉय जॅके फासे टाकत होते. पैज किरकोळ होती. साध्या वेशातले पोलीस आत शिरले आणि त्यांनी जुगाराच्या नावाखाली सगळ्यांनाच धरलं. त्यात फासे टाकणारे दोघे होते, कॉफी पिणारी एला होती, तिची मदतनीस होती आणि या साऱ्या मंडळींना घेऊन गावोगाव फिरणारा नॉर्मन ग्रांझही होता. चौकीवर पोचले तर वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार कॅमेरे सरसावून आधीच हजर. दहा-दहा डॉलरच्या जामिनावर सुटका झाली आणि मंडळी दुसऱ्या खेळाला वेळेवर उभी राहिली.

फासे हे निमित्त होतं. दुखणं होतं ते सभागृहात. गोऱ्यांनी एकीकडे आणि काळ्यांनी दुसरीकडे बसायचं हा तिथला शिरस्ता. ग्रांझने सभागृह भाड्याने घेतानाच तो मोडीत काढला होता. स्वच्छतागृहांवरच्या ‘गोरे’ आणि ‘निग्रो’ या पाट्या त्याने उतरवल्या होत्या, तिकिटं रंग पाहून विकू दिली नव्हती. पुढे खटला बारगळला, पण तो बारगळेपर्यंत ग्रांझने हट्टाने त्या दहा डॉलरांच्या प्रकरणावर दोन हजारांहून जास्त डॉलर घातले.

यानंतर चारच महिन्यांनी, फेब्रुवारी १९५६ मध्ये, हीच एला आणि हाच ग्रांझ हॉलिवूडमधल्या कॅपिटॉल स्टुडिओत कोल पोर्टरची गाणी ध्वनिमुद्रित करायला उभे राहिले. १९६४ पर्यंत या मालिकेत संगीतकार-गीतकारांच्या नावाने आठ ‘साँग बुक्स’ निघाली आणि अमेरिकी लोकप्रिय गाण्यांपैकी अभिजात कोणती मानायची, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरून गेलं. ह्यूस्टनची रात्र नागरी हक्कांच्या इतिहासात सांगतात आणि साँग बुक्सची गोष्ट संगीताच्या. मला ही वाटणी पटत नाही. एलाला कुठे बसवायचं, हाच सवाल दोन्हीकडे होता, आणि दोन्हीकडे ग्रांझचं उत्तर एकच होतं: सगळ्यात पुढच्या रांगेत.

एलाचा जन्म १९१७ चा, व्हर्जिनिया राज्यातल्या न्यूपोर्ट न्यूजचा. वाढली न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समध्ये. पंधरा वर्षांची असताना आई गेली, शाळा सुटली, मुलींच्या सुधारगृहातही काही काळ काढावा लागला. २१ नोव्हेंबर १९३४ ला हार्लेममधल्या अपोलो थिएटरच्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत ती उतरली ती नाचायला. पण तिच्या आधी रंगमंचावर आलेल्या एडवर्ड्स भगिनी इतक्या सफाईने नाचल्या की हिने ऐनवेळी गायचं ठरवलं. गायली कॉनी बॉसवेल या आपल्या आवडत्या गायिकेच्या ढंगात, आणि पंचवीस डॉलरचं पहिलं बक्षीस घेऊन गेली. पुढच्या वर्षी चिक वेब या ड्रमवादकाने तिला आपल्या बँडमध्ये घेतलं. अवतार पाहून तो आधी नाखूशच होता. गळा ऐकल्यावर कुरकुर थांबली. हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये रात्र-रात्र नाचणाऱ्या गर्दीसमोर तिचं खरं शिक्षण झालं. १९३८ मध्ये मुलांच्या एका बडबडगीतावरून केलेलं ‘अ-टिस्केट, अ-टास्केट’ देशभर गाजलं. १९३९ मध्ये वेब वारला आणि बावीस वर्षांच्या एलाच्या नावाने तो बँड आणखी तीन वर्षं चालला.

वेबच्या बँडच्या दिवसांपासून १९५५ पर्यंत ती डेका कंपनीसाठी गात राहिली. गळ्याची तयारी वर्षागणिक वाढत होती. १९४५ चं ‘फ्लाइंग होम’ आणि १९४७ चं ‘ओ, लेडी बी गुड!’ या ध्वनिमुद्रिकांमध्ये तिने शब्द बाजूला ठेवून निरर्थक अक्षरांवर ज्या झपाट्याने ताना घेतल्या आहेत, त्या ऐकून भले भले वाद्यवाले चमकले. या प्रकाराला स्कॅट म्हणतात. त्यात तिचा हात धरणारं कोणी उरलं नाही. डेकाला मात्र हवी होती पटकन खपणारी गाणी. चुटक्यासारखी, गमतीची, महिन्याभरात विसरली जाणारी. चांगलं काही घडलं नाही असं नव्हे. १९५० मध्ये फक्त एलिस लार्किन्सच्या पियानोच्या साथीवर तिने गर्शविनची आठ गाणी मुद्रित केली. ती छोटी तबकडी मला आजही तिच्या उत्तम कामांत मोजावीशी वाटते. पण कंपनीला त्यात धोरण दिसलं नाही. ते दिसलं ग्रांझला.

ग्रांझ लॉस एंजेलिसचा, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबातला. वाद्य कुठलंच वाजवत नसे. जुलै १९४४ मध्ये त्याने शहराच्या फिलहार्मोनिक ऑडिटोरियममध्ये, म्हणजे जिथे एरवी सिंफनी वाजायच्या तिथे, जाझवाल्यांना उभं केलं. ‘जाझ अ‍ॅट द फिलहार्मोनिक’ हे त्या कार्यक्रमाचं नाव पुढे फिरत्या दौऱ्यांनाही चिकटलं. करारात अट असे: श्रोते वेगळे बसवायचे नाहीत. कलाकारांना उतरायला चांगली हॉटेलं, प्रवासाला विमान. माणूस तुसडा, भांडकुदळ, पैशाला चोख. एला १९४९ पासून त्याच्या दौऱ्यांत गाऊ लागली आणि पुढे तो तिचा व्यवस्थापक झाला. १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियाला जाताना होनोलुलूला तिला पॅन अ‍ॅमच्या विमानातून पहिल्या वर्गाचं तिकीट हाती असताना उतरवण्यात आलं, तेव्हा गप्प न बसता कंपनीला कोर्टात खेचलं गेलं आणि प्रकरण भरपाईवर मिटलं.

तिला डेकाच्या करारातून सोडवण्याची संधी सिनेमामुळे चालून आली. ‘द बेनी गुडमन स्टोरी’ या चित्रपटाच्या गाण्यांची तबकडी डेकाला काढायची होती. त्यात वाजवणाऱ्या काही वादकांचे करार ग्रांझकडे होते, आणि त्याच्या परवानगीशिवाय तबकडी बाजारात येणं शक्य नव्हतं. ग्रांझने परवानगीची किंमत सांगितली: एला. डेकाने ती मोजली. ग्रांझच्या हाती क्लेफ आणि नॉरग्रान अशा जाझच्या छोट्या कंपन्या होत्याच, पण एलासाठी त्याला मोठं, सर्वांसाठी खुलं दार हवं होतं. म्हणून व्हर्व्ह ही नवी कंपनी उभी राहिली. एका गायिकेला माफक जागा पुरणार नाही म्हणून कंपनी काढणं, हे या धंद्यात वारंवार घडत नाही.

मग गायचं काय? इथे जरा मागे जावं लागेल. १९२० ते १९४५ या काळात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर दरसाल संगीत नाटकं आणि प्रहसनं येत आणि जात. बहुतेकांची कथा इतकी तकलादू की नाटक बंद पडल्यावर कोणाला आठवूही नये. पण त्यांतल्या गाण्यांचे छापील कागद घरोघरच्या पियानोवर जात, नाचाचे बँड ती वाजवत. त्या गाण्यांचा ठरलेला साचा होता: आठ-आठ मात्रागटांचे चार तुकडे, एकूण बत्तीस, पहिला, दुसरा आणि चौथा तुकडा एकाच चालीचा, तिसरा वेगळा. त्याच्या आधी एक प्रस्तावना, जी नाटकातलं बोलणं गाण्याकडे वळवायची. बँडवाल्यांनी प्रस्तावना सर्रास गाळल्या, कारण त्यांवर पाय थिरकत नसे. जाझवाल्यांनी तर फक्त स्वरांचा सांगाडा ठेवला आणि त्यावर आपले मजले चढवले. अशी वारंवार वाजणारी गाणी ‘स्टँडर्ड्स’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पण शब्द आणि चाल मिळून पुरी रचना, कर्त्याच्या नावासकट, फारशी कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती.

आपल्याकडे ‘सौभद्र’ किंवा ‘मानापमान’ न पाहिलेल्यांनाही त्यांतली पदं पाठ असतात. नाटक मागे पडलं आणि पद मैफलीत जगलं. फरक असा की मैफलीतला गवई ते पद हाती आलं की फुलवत नेतो, मूळ चाल ही त्याला निघण्याची जागा. एला ही अमेरिकेतली सगळ्यात तयार फुलवणारी गायिका होती, आणि साँग बुक्समध्ये तिने नेमकं उलटं केलं. तिने फुलवणं आवरलं. चाल लिहिली तशी, प्रस्तावना जिथे होती तिथे बहुधा तिच्यासकट, शब्द अन् शब्द स्वच्छ. तान घ्यायची ती शेवटच्या आवर्तनात, आणि तीही हात आखडून. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या साधेपणाला विशेष किंमत नसते. एलाच्या या साधेपणामागे ‘फ्लाइंग होम’ उभं होतं, म्हणून तो ऐकताना जाणवत राहतो.

एका रचनाकाराची गाणी एकत्र करण्याची कल्पना ग्रांझची स्वतःची नव्हे. ली वायली या गायिकेने १९३९ पासून गर्शविन, पोर्टर, रॉजर्स आणि हार्ट यांच्या गाण्यांचे संच अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांवर काढले होते. ग्रांझने स्वतः पियानोवादक ऑस्कर पीटरसनकडून असे संच वाजवून घेतले होते. आणि फ्रेड अस्टेअर या नटाला जाझवाल्यांच्या संगतीत बसवून त्याची जुनी गाणी चार लाँग प्ले तबकड्यांवर उतरवली होती. नवं होतं ते आकारमान. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. १९४८ मध्ये आलेल्या लाँग प्लेवर बाजूला वीस मिनिटांच्या वर जागा मिळाली. दोन तबकड्यांचा संच म्हणजे तास-दोन तास एकाच माणसाच्या प्रतिभेच्या सहवासात काढायची सोय. पुस्तक हातात घ्यावं तसं, म्हणून नाव ‘साँग बुक’.

पोर्टरची निवड पहिली. हा या सगळ्यांत निराळा गडी: इंडियाना राज्यातल्या श्रीमंत घरातला, येल विद्यापीठात शिकलेला, शब्द आणि चाल दोन्ही स्वतः करणारा. तिरकस, खट्याळ, अंगावर रेशमी अंगरखा घेऊन लिहिल्यासारखी त्याची गाणी. संयोजक म्हणून ग्रांझने बडी ब्रेगमन या पंचविशीतल्या पोराला घेतलं. फेब्रुवारी आणि मार्च १९५६ मध्ये बत्तीस गाणी उरकली गेली. आणि ‘उरकली’ हा शब्द मी जाणून वापरतो आहे, कारण ब्रेगमनचे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन काही ठिकाणी गायिकेच्या आधी दारातून शिरतात. पण साथीला बार्नी केसलची गिटार, पॉल स्मिथचा पियानो, हॅरी एडिसनचा ट्रम्पेट असे पक्के जाझवाले होते, आणि वाद्यवृंद बाजूला सरला की सोनं हाती लागतं. ‘मिस ओटिस रिग्रेट्स’ फक्त पियानोवर आहे. ‘एव्हरी टाइम वी से गुडबाय’मध्ये पोर्टरने एक कारागिरी केली आहे: जिथे शब्द मेजरमधून मायनरमध्ये जाण्याविषयी बोलतात, नेमक्या तिथे खालची स्वरसंगतीही तशीच पालटते. एला त्या जागी काहीच करत नाही. आवाज जाडा करत नाही, उसासा टाकत नाही. फक्त सूर अचूक ठेवते, आणि पोर्टरचं काम पोर्टरला करू देते.

याच संचात ‘लव्ह फॉर सेल’ आहे, आणि त्याचा इतिहास इथे सांगायलाच हवा. १९३० मध्ये ‘द न्यूयॉर्कर्स’ या प्रहसनात पोर्टरने हे गाणं रस्त्यावर उभ्या वेश्येच्या तोंडी घातलं. गाणारी गोरी नटी होती. समीक्षकांना शिसारी आली, रेडिओने गाणं वाजवायचं नाकारलं. नाटकवाल्यांनी तोडगा काढला: काही आठवड्यांत गाणं काळ्या गायिकेला, एलिझाबेथ वेल्शला दिलं, आणि देखावा उचलून हार्लेममधल्या कॉटन क्लबच्या दारात नेला. झालं, बोंब शमली. काळी बाई देह विकते म्हटल्यावर गोऱ्या प्रेक्षकांना हरकत घ्यावीशी वाटली नाही. सव्वीस वर्षांनी एला ते गाणं पोर्टरच्या संचात गाते. जवळजवळ सहा मिनिटं, धिम्या लयीत, शेजारच्या उंची प्रेमगीतांच्या बरोबरीने. तिचा स्वर त्या बाईची कीव करत नाही आणि तिच्याकडे डोळाही मारत नाही. ग्रांझने हे गाणं निवडताना वेल्शची आठवण ठेवली होती का, ते सोडा. गाणं हार्लेमच्या देखाव्यातून निघून पोर्टरच्या नावावर परत आलं, एवढं खरं.

संच त्याच वर्षी बाजारात आला आणि धडाक्याने खपला. नवजात व्हर्व्ह कंपनी त्या एका संचावर पायावर उभी राहिली. ग्रांझ तबकड्या घेऊन न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात राहणाऱ्या पोर्टरला ऐकवायला गेला. पोर्टरने ऐकून तारीफ केली ती तिच्या शब्दोच्चारांची, असं सांगतात. स्वतः शब्द लिहिणाऱ्या माणसाला दुसरं काय आधी ऐकू येणार! १९५६ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे: जानेवारीत एल्व्हिस प्रेस्लीचं ‘हार्टब्रेक हॉटेल’ आलं होतं. तरुण पोरं एका दुकानात शिरली आणि त्यांचे आईबाप दुसऱ्यात. ज्यांनी विशी-पंचविशीत ही गाणी नाचता नाचता ऐकली होती, त्यांच्या घरात आता लाँग प्लेची यंत्रं होती आणि खिशात पैसे होते. ग्रांझला संगीत जितकं कळत होतं तितकंच हे गणितही.

मुंबईला ही गाणी अगदीच परकी नव्हती, हे जाता जाता सांगतो. १९३०-४० च्या दशकांत ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूममध्ये टेडी वेदरफोर्डसारखे आफ्रिकी-अमेरिकी वादक वाजवून गेले होते, आणि त्यांच्याकडून शिकलेले गोव्याचे ख्रिस्ती वादक रात्री हॉटेलांत हीच स्टँडर्ड्स वाजवून दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत हजेरी लावत. त्यांच्यातला चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’मध्ये (१९५१) ट्रम्पेटसह चक्क पडद्यावर दिसतो.

दुसरी वही, म्हणजे दुसरं साँग बुक, रॉजर्स आणि हार्ट यांची, ऑगस्ट १९५६ ची, पुन्हा ब्रेगमनबरोबर. लोरेन्झ हार्ट हा बुटका, एकाकी, दारूने संपलेला गीतकार, आणि त्याच्या गाण्यांत प्रेम म्हणजे बहुधा फजिती. ‘बिविच्ड’ची सगळी कडवी एला गाते, सात मिनिटांचा ऐवज आहे, शेवटाकडे त्या बाईचं प्रेमातून बरं होणं इतक्या हलक्या हाताने येतं की हसू फुटतं.

तिसरी वही ड्यूक एलिंग्टनची, आणि इथे मालिकेची घडीच विसकटली. बाकीचे सगळे रचनाकार कागदावर होते. हा समोर हजर, स्वतःचा बँड घेऊन आलेला, आणि स्वतःच्या वेळेनुसार चालणारा. जून १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत पूर्ण एलिंग्टन बँड जमला तेव्हा ठरलेल्या गाण्यांची संयोजनं तयारच नव्हती. ड्यूक जागेवर जुळवणी करत होता, त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न भराभर कागद लिहीत होता, आणि एला, जी तयारीशिवाय मायक्रोफोनपुढे उभं राहायला घाबरायची, ती रडकुंडीला आली होती. ग्रांझही वैतागला होता. ‘चेल्सी ब्रिज’ला तर शब्दच नाहीत, ते तिने नुसत्या आवाजावर गायलं. शेवटी ड्यूक आणि स्ट्रेहॉर्न यांनी मिळून तिच्यासाठी चार भागांची एक रचनाच केली, ‘पोर्ट्रेट ऑफ एला फिट्झजेराल्ड’, तिच्यात ते दोघं बोलून तिचं वर्णन करतात. ड्यूकची माफी मागायची ती पद्धत असावी, असा माझा समज. शिवाय बेन वेब्स्टरचा सॅक्सोफोन आणि स्टफ स्मिथचं व्हायोलिन यांच्या छोट्या ताफ्याबरोबरची वेगळी मुद्रणं होतीच. सगळं मिळून चार तबकड्या. ओबडधोबड, असमान, आणि आठांतली सर्वांत जिवंत. बाकी सात वह्यांत एला पाहुणी म्हणून दुसऱ्याच्या दिवाणखान्यात गाते. इथे ती आपल्या आळीत आहे.

१९५८ मध्ये पॉल वेस्टनच्या संयोजनाने अर्व्हिंग बर्लिन झाला. रशियन साम्राज्यातून पाच वर्षांचा असताना आलेला, संगीताचं लिपीज्ञान नसलेला हा गृहस्थ सगळ्या पिढीचा बाप. ४ मे १९५९ रोजी ग्रॅमी पुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले, आणि एलाला दोन मिळाले: बर्लिनच्या संचासाठी लोकप्रिय गायनाचा आणि एलिंग्टनच्या संचासाठी जाझचा. डेकाला जे वीस वर्षं ठरवता येत नव्हतं, म्हणजे ही बाई जाझची की सगळ्यांची, त्याचा निकाल एकाच संध्याकाळी दोन्ही बाजूंनी लागला.

त्याच वर्षी गर्शविन बंधू. संयोजक नेल्सन रिडल, जो तोवर फ्रँक सिनात्राच्या उत्तम तबकड्यांमागचा हात म्हणून नावाजला होता. पाच लाँग प्ले, पन्नासहून जास्त गाणी, बेर्नार बुफे या फ्रेंच चित्रकाराची चित्रं, बांधीव पुस्तक, आणि वर रिडलने वाद्यवृंदासाठी बांधलेल्या गर्शविनच्या वाद्यरचनांची एक छोटी तबकडी. ग्रांझला चित्रांचं वेड होतं, पुढे हॅरल्ड आर्लेनच्या संचावर त्याने मातीसचं चित्र घातलं. काही जणांना हा थाट म्हणजे उधळपट्टी वाटते. पण नाचघरात जन्मलेल्या गाण्यांना असं बांधून, चित्र लावून, दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवणं, हाच तर त्याचा हेतू होता. जॉर्ज गर्शविन १९३७ मध्ये अडतीसाव्या वर्षीच वारला होता. गीतं लिहिणारा थोरला भाऊ आयरा हयात होता आणि त्याचा या कामाला हात लागला. आपली गाणी इतकी चांगली आहेत हे एलाचं गाणं ऐकेपर्यंत आपल्याला कळलं नव्हतं, अशा अर्थाचं त्याचं बोलणं पुढे पुष्कळ उद्धृत झालं.

एवढ्या गाण्यांतलं एकच घेतो. ‘ओ, लेडी बी गुड!’, १९२४ च्या नाटकातलं. १९४७ मध्ये हेच गाणं एलाने स्कॅटच्या वावटळीत भिरकावून दिलं होतं आणि त्यानंतर दौऱ्यादौऱ्यांत लोक तेच मागत असत. १९५९ मध्ये रिडलने लय इतकी उतरवली की गाणं ओळखू येईना. एला प्रस्तावनेपासून सुरू करते, सावकाश. आणि बारा वर्षं जे नुसतं पळण्याचं मैदान होतं, ते एका परक्या शहरात एकट्या पडलेल्या माणसाचं आर्जव होऊन बसतं. ज्या गळ्याने गाण्याचे शब्द उडवून लावले होते, त्याच गळ्याने ते उचलून परत जागेवर ठेवले.

या मालिकेवरचा एक आक्षेप जुना आहे आणि तो पूर्ण खोडता येत नाही. एलाला दुःख गाता येत नाही, असं म्हणतात. बिली हॉलिडेने एखादी ओळ म्हटली की त्या ओळीमागचं आयुष्य अंगावर येतं. एलाच्या ओळीमागे फक्त ओळ असते. पोर्टर आणि हार्ट यांच्या कडवट जागी ती कधी कधी नको इतकी प्रसन्न वाटते, हे मलाही जाणवतं. पण साँग बुक्सचं काम वेगळं होतं. हॉलिडेने गायलेलं गाणं हॉलिडेचं होतं, पुन्हा दुसऱ्याला घेता येत नाही. एलाने गायलेलं गाणं रचनाकाराचं राहतं आणि म्हणून पुढच्याला शिकता येतं. नंतरच्या गायक-गायिका चाल नक्की कशी आहे हे पाहायला या तबकड्यांकडे वळत राहिल्या.

आणि तिचा दुसरा अवतारही काही थांबला नव्हता. १३ फेब्रुवारी १९६० रोजी बर्लिन शहरातल्या डॉइचलांडहाले सभागृहात ‘मॅक द नाइफ’ गाताना ती मध्येच शब्द विसरली, आणि शब्द विसरले आहेत हेच जागच्या जागी यमकांत बसवून गात सुटली. ते मुद्रण ग्रॅमी घेऊन गेलं. स्टुडिओत रचनाकाराची इमानदार कारकून आणि रंगमंचावर स्वतःची मालकीण, असे दोन संसार ती एकाच वेळी चालवत होती.

त्या वर्षाच्या अखेरीस ग्रांझने व्हर्व्ह पंचवीस लाखांहून अधिक डॉलरना एमजीएमला विकली. त्याचा मुक्काम आता स्वित्झर्लंडला होता. एलाचा व्यवस्थापक मात्र तोच राहिला. उरलेल्या वह्या लवकर सांगून होतात. १९६०-६१ मध्ये बिली मेच्या दणदणीत संयोजनात आर्लेन. तो ज्यू प्रार्थनागायकाचा मुलगा, कॉटन क्लबसाठी गाणी करून वर आलेला. त्याच्या चालींत ब्लूजचा अंश असल्यामुळे इथे एला जरा सैल सोडून गाते. १९६३ मध्ये रिडलबरोबर जेरोम कर्न, एकाच तबकडीवर बारा गाणी. ही वही माझ्या मते फारच आखूड. ज्या माणसाने १९२७ मध्ये ‘शो बोट’ करून ब्रॉडवेला वळण लावलं, त्याची बोळवण एका तबकडीवर व्हायला नको होती. शेवटी ऑक्टोबर १९६४ मध्ये जॉर्जियाच्या सव्हाना गावचा जॉनी मर्सर, आठांतली ही एकमेव वही, जी मुख्यतः शब्द लिहिणाऱ्या एकट्या गीतकाराच्या नावाने निघाली.

तोपर्यंत वारं पार फिरलं होतं. १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स न्यूयॉर्कला उतरले. एप्रिलमध्ये एला लंडनमध्ये होती, आणि तिथे तिने बीटल्सचं ‘कान्ट बाय मी लव्ह’ गायलं, मोठ्या बँडसह, मजेत. ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत ते थोडं चढलंही. मर्सरची वही त्यानंतर सहा महिन्यांनी आली आणि तिच्याकडे त्या मानाने कमी कान वळले. नववी वही त्या मालिकेत निघाली नाही. ब्राझीलच्या जोबिमच्या गाण्यांचा संच तिने केला, पण तो १९८१ मध्ये, ग्रांझच्या पाब्लो या नव्या कंपनीसाठी.

गाणी मात्र बाजारात परत आली, आणि ज्यांनी ती मोडीत काढली असं मानलं जात होतं त्यांच्याच हातून. १९८३ मध्ये लिंडा रॉन्स्टॅट या रॉक गायिकेने, कंपनीवाल्यांची धास्ती न जुमानता, जुन्या स्टँडर्ड्सची तबकडी करायचं ठरवलं आणि संयोजनासाठी साठी उलटलेल्या, काम कमी झालेल्या नेल्सन रिडलला बोलावलं. ‘व्हॉट्स न्यू’ लाखांनी खपली. तिच्यातली ‘समवन टू वॉच ओव्हर मी’ आणि ‘आयव्ह गॉट अ क्रश ऑन यू’ ही गर्शविनची दोन गाणी रिडलने १९५९ मध्ये एलासाठी एकदा बांधली होती. त्याने ती नव्या गळ्यासाठी नव्याने लिहून दिली.